मोटर बंद करण्याची कविता

प्रिय मॉनिटर,

सप्रेम नमस्कार.

चाळीस पोरं एकदम 'गोगलगाई' म्हणायला लागायची, तो आवाज तुला आठवतो का? मला आज सकाळपासून तोच ऐकू येतोय. मास्तर टेबलावर डस्टर आपटायचे, खडूची पांढरी भुकटी त्यांच्याच बाहीवर बसायची, आणि सगळा वर्ग एकाच छातीतून आवाज निघाल्यासारखा सुरू व्हायचा.

गोगलगाई, पाठीवरती घर का घेउन जासी?
मुंगी पुसते, वाटेवरती कुठे विसावा घेसी?

पहिल्या ओळीला तोंडं चाळीस आणि आवाज एक. मग तिसऱ्या-चौथ्या कडव्याला खिडकीकडची पोरं किंचित मागे पडायची, कारण बाहेर काहीतरी नेहमीच चाललेलं असे. बेडकाच्या कडव्याला मागच्या बाकावरचे दोघे मुद्दाम जोर करायचे. फुलपाखरापर्यंत येता येता वर्गाच्या तीन-चार टोळ्या झालेल्या असायच्या, आणि शेवटच्या कडव्याला तर कविता उरायचीच नाही, नुसता कालवा. त्या कालव्यात तू सगळ्यांच्या आधी संपवून हाताची घडी घालून बसलेला असायचास. (तुझा त्या वेळचा चेहरा मला अजून विसरता आलेला नाही. प्रयत्न केला आहे.)

पण आधी रीतसर विचारपूस करतो, नाहीतर म्हणशील की म्हातारपणीही याला पत्र लिहायची पद्धत कळली नाही. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला? वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायची सवय अजून आहे की डोळ्यांनी तीही सोडवली? मी बरा आहे. आपल्या पत्रव्यवहाराबद्दल मात्र काय म्हणावं ते सुचत नाही. नोकरीच्या सुरुवातीला महिन्याला एक पत्र ठरलेलं, इकडून किंवा तिकडून. पुढे कधी दोन महिन्यांनी, कधी सहा, मध्येच एकदा एका आठवड्यात दोन (तुझी दाढ दुखत होती तेव्हा), आणि मग गेली कित्येक वर्षं काहीच नाही. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं अंतर वाढत गेलं आणि त्याला काही धरबंध राहिला नाही. सूनबाई म्हणते या प्रकाराला तिच्या शास्त्रात नाव आहे. ते पुढे येईल, घाबरू नकोस.

आत्ता घरात मी एकटाच आहे. चिरंजीव कामावर, सूनबाई कॉलेजात. मोटर आत्ताच लावून आलो. टाकी भरेपर्यंत पत्र होईल असा अंदाज आहे. हे वाक्य मी सहज लिहून गेलो, पण सगळं रामायण या वाक्यातच आहे, तेव्हा नीट सांगतो.

तुझी वहिनी गेल्यावर मी चिरंजीवांकडे राहायला आलो. घर पहिल्या मजल्यावर, खाली टेलर, वर एक निवृत्त बँडमास्तर, आणि त्याच्यावर गच्चीत पाण्याची टाकी. या घरात प्रत्येकाला काम आहे. मुलगा पैसे मिळवतो, सून संख्याशास्त्र शिकवते आणि घर चालवते, आणि मी मोटर लावतो आणि बंद करतो. हसू नकोस. साधारण अर्ध्या तासात टाकी भरते. लवकर बंद केली तर संध्याकाळी बँडमास्तर तोंडाला साबण लावून ओरडतो. उशिरा केली तर जास्तीचं पाणी बाहेर काढायचा जो पाइप आहे, तो नेमका टेलरच्या दारावर उघडतो. म्हणजे तीन बिऱ्हाडांची अब्रू माझ्या हातात. हे काम मला कुणी दिलं नव्हतं, मी ते हळूहळू आपल्याकडे ओढून घेतलं. माणसाला कशाची तरी वेळ सांभाळायला हवी.

आता तू विचारशील, घड्याळ बघायला काय झालं? तेच चिरंजीव विचारतात, रोज. पण बाबा रे, मी चाळीस वर्षं स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढली. फिल्म डेव्हलपरमध्ये टाकली की खोलीत काजव्याएवढा उजेड चालत नाही, चमकणाऱ्या काट्यांचं घड्याळसुद्धा नाही. बाकीचे लोक आकडे मोजायचे. मला आकडे मोजताना झोप यायची, म्हणून मी गोगलगाय म्हणायला लागलो. प्रत्येक ओळ दोनदा, मास्तरांच्या चालीवर, मनातल्या मनात, आणि हाताने ट्रे हलकेच डुलवायचा. कविता संपत आली की फिल्म तयार. एवढ्या वर्षांत माझ्या हातून एकही लग्न काळं पडलं नाही की एकाही नवऱ्या मुलाचा चेहरा धुवून गेला नाही. आजही माझं सकाळचं अंडं एका गोगलगायीत होतं, आणि सूनबाई ते कापून बघते तेव्हा पिवळं जसं हवं तसंच असतं. मग अर्ध्या तासाची टाकी म्हणजे काय? सहा गोगलगायी. यात चुकायला जागा कुठे आहे?

जागा होती. गेल्या महिन्यात एक दिवस (तो दिवस पुढे येईल) मोटर इतकी उशिरा बंद झाली की टेलरच्या दारात वाळत घातलेलं कुणाच्या तरी सुटाचं कापड धुवून निघालं. टेलर माणूस सभ्य. वर आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, हा सूट अजून शिवायचाय. धुवायला नंतर यायचा होता." मला ते फार लागलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी चिरंजीवांनी घोषणा केली की टाकीत एक तरंगणारा चेंडू बसवायचा. पाणी वर आलं की चेंडू वर येतो आणि मोटर आपोआप बंद. प्लंबर रविवारी येणार. "बाबा, तुम्हाला त्रास नको," असं तो म्हणाला. (मुलं हे वाक्य बोलायला लागली की समजावं, आपल्या हातातलं काहीतरी जाणार.) आणि मग आत जाऊन बायकोला हळूच म्हणाला, "त्यांना आता लक्षात राहत नाही गं. डॉक्टरांना एकदा दाखवू या." हळू बोलणं आमच्या घरात कुणाला जमत नाही.

सूनबाई वाद घालत नाही, मोजते. ती म्हणाली, आधी बघू या, प्लंबर थांबेल. आणि काही आठवडे मी जे जे कवितेवर मोजतो, अंडं, चहा, माझी शतपावली, मोटर, ते ते ती फोनवर टिपत राहिली. मग एक दिवस जेवणाच्या टेबलावर तिने चित्र दाखवलं. आडव्या रेघेवर किती वेळ मोजायचा होता ते, उभ्या रेघेवर मी किती चुकलो ते. डावीकडे, म्हणजे अंड्याच्या बाजूला, ठिपके मुंग्यांसारखे एका रांगेत. उजवीकडे जाल तसे फाकत गेलेले, आणि मोटरपाशी तर काही पार वर, काही पार खाली. मी म्हटलं, हा तर आडवा ठेवलेला खराटा. ती म्हणाली, "अगदी बरोबर, बाबा. आमच्यात याला असमान प्रचरण म्हणतात, म्हणजे पसारा सगळीकडे सारखा नसतो. खराटा जास्त चांगलं आहे."

मग तिने एक गोष्ट सांगितली, ती ऐकून माझं काळीज जरा जागेवर आलं. माझी सरासरी चोख होती. मोटरच्या सगळ्या वेळा एकत्र करून भागल्या तर बरोबर अर्धा तास. जितका उशीर, तितकीच घाई. चिरंजीव म्हणाले, "सरासरीने टाकी भरत नाही." सूनबाई म्हणाली, "म्हणून तर म्हणतेय, त्यांचा अंदाज चुकत नाही, त्याचा पसारा वाढतो. आणि पसारा कशाने वाढतो ते कळेपर्यंत तू जरा गप्प बसशील का?" तो बसला. मला त्याच्याकडे बघून आपले मास्तर आठवले, का कुणास ठाऊक.

पसारा वाढायची कारणं तिने मला एकेक करून समजावली, आणि प्रत्येक कारणाच्या वेळी माझीच फजिती झाली. पहिलं कारण साधं. मोठ्या गोष्टीत चूकही मोठी. टेलरला डोळ्यांच्या अंदाजाने वीतभर कापड फाडायला सांग, बोटभर इकडे-तिकडे होईल. अख्खा तागा अर्ध्यावर फाडायला सांग, हातभर होईल. हे मला पटलं. वर्गातही पहिल्या ओळीला कोण चुकणार? चुकायला वेळ तरी मिळायला हवा. पण ती म्हणाली, तेवढ्याने खराटा इतका फाकत नाही, आणखी काहीतरी आहे. दुसरं कारण सराव. नवशिक्याच्या चुका दूरदूर पडतात, हात बसला की जवळ येतात. माझ्या स्टुडिओतल्या पहिल्या वर्षाच्या प्रिंटा तशाच होत्या, एक कोळसा तर एक भूत. पण मग मोटरचाही सराव रोज होतोच, तिथे हात का बसत नाही? मी उठून पाणी प्यायलो.

तिसऱ्या कारणाला मी पकडला गेलो. तिने विचारलं, "बाबा, मोटर दरवेळी तुम्हीच बंद करता ना?" आता काही दुपारी माझा डोळा लागतो, आणि त्या दिवशी वरचा बँडमास्तर खाली येऊन माझ्या वतीने मोटर बंद करून जातो. आमचं तसं ठरलेलं होतं. तोही घड्याळ बघत नाही. तो मनात संचलनाच्या धुना वाजवतो, आणि धून संचलनाची असल्यामुळे त्याचा अर्धा तास नेहमी लवकर येतो. दोन वेगळ्या जातीची माणसं एकाच नावाखाली मोजली तर ठिपके फाकणारच, असं ती म्हणाली, आणि बँडमास्तरच्या दुपारी काढून टाकल्या. खराटा थोडा बारीक झाला, पण खराटाच राहिला. (बँडमास्तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं, त्याला मोजणीतून काढण्याआधी विचारायला हवं होतं.)

मग आला तो सुटाचा दिवस, टेलरला वेळ विचारून तिने तोही चित्रात मांडला होता. सगळ्या ठिपक्यांच्या वर, एकटाच, भिंतीवरच्या पालीसारखा. चिरंजीव म्हणाले, निदान हा तरी काढ, यानेच सगळं बिघडलंय. सूनबाई म्हणाली, ओला आहे म्हणून काढता येत नाही, त्या दिवशी काय झालं ते कळायला हवं. आणि माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं, काही नाही झालं, कविता म्हणत होतो. ती म्हणाली, "मग म्हणा ना. मोठ्याने."

मॉनिटर, मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सहा गोगलगायी म्हणायला घेतल्या. सून फोनवर वेळ धरून उभी, मुलगा दाराला रेलून, तोंडावर कंटाळा आणि कान इकडे. पहिल्या खेपेला सगळं सुरळीत. मुंगी झाली, बेडूक झाला, फुलपाखरू झालं, शेवटी गोगलगाय बोलायला लागली,

गोगलगाई हसुन म्हणाली, घाई नाही मजला,
उशीर ज्याला म्हणता तुम्ही...

आणि तिथे मी थांबलो. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेलाही तिथेच थांबलो, जरा जास्त. तिसऱ्यांदा चिडून थांबलोच नाही, उलट मागचं कडवंही गाळून पुढे गेलो. चौथ्यांदा इतका वेळ थांबलो की चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?" सूनबाईने त्याला हाताने गप्प केलं आणि मला म्हणाली, "बाबा, इथे काय आहे?"

तिथे काही नाही. तिथे भोक आहे. पुढची अर्धी ओळ मला येतच नाही. आणि ती का येत नाही, ते मला तेव्हाच, ओट्यापाशी कळलं. डार्करूममध्ये 'उशीर ज्याला म्हणता तुम्ही' म्हटलं की फिल्म उचलायची वेळ व्हायची. हात त्या शब्दाला आपोआप ट्रेमध्ये जायचे. पुढची अर्धी ओळ म्हणायला चाळीस वर्षांत सवडच मिळाली नाही. आणि त्याच्या आधी शाळेत म्हणशील, तर तिथे त्या ओळीपर्यंत वर्ग इतका फाकलेला असे की ती मला कधी धड ऐकूच आली नाही. अंड्याला एकच गोगलगाय लागते, ती भोकाच्या काठापर्यंत येऊन संपते, म्हणून अंडं चुकत नाही. टाकीला सहा लागतात. पाच वेळा भोक ओलांडावं लागतं, आणि दर वेळी मी किती वेळ काठावर उभा राहीन, की रागाने उडी मारीन, ते माझं मलाही सांगता येत नाही. सूनबाईचा चेहरा असा उजळला की जणू तिलाच नोकरीत बढती मिळाली. म्हणाली, आमच्यात याला गाळलेला घटक म्हणतात. जे हिशेबात धरायला हवं होतं ते धरलं नाही, की त्याचा सगळा गोंधळ पसाऱ्यात दिसतो.

सुटाच्या दिवसाचं तिने पुन्हा विचारलं नाही, पण तुला सांगतो. त्या दिवशी चौथ्या की पाचव्या भोकापाशी मी ओळ शोधायला जरा खोल गेलो आणि डार्करूममध्येच पोचलो. तुझ्या वहिनीचा पहिला फोटो मीच धुतला होता, लग्नाच्या आधी, ती स्टुडिओत बहिणीबरोबर आली होती तेव्हा. कोऱ्या कागदावर आधी केस आले, मग भुवया, मग ती माझ्याकडे बघते आहे असे डोळे. लाल दिव्यात मी तो कागद वेळेवर उचलला होता. या वेळी उचलावासा वाटेना. पाणी पडल्याचा आवाज येत होता, पण मला वाटलं, नळाखाली प्रिंट धुतोय.

ती ओळ जुळवायचा मी प्रयत्न केला. 'मजला'ला यमक म्हणून 'सजला', 'थिजला', 'भिजला' सगळे लावून पाहिले, एकही बसेना. टेलरने 'उसवला' सुचवलं, त्याला यमक समजावून सांगण्यात एक दुपार गेली. सूनबाईने फोनवर शोधली, पण आपलं ते पुस्तक फोनच्या फार आधी रद्दीत गेलेलं. चिरंजीव म्हणाले, "तुम्ही कविता शोधा, मी चेंडू बसवतो." दोघांच्या मध्ये सूनबाईने तोड काढली की येत्या रविवारपर्यंत मोटर माझ्याकडेच. ओळ सापडली आणि खराटा मिटला तर चेंडू नाही. मी तिला सांगितलं, पोरी, एवढं मनावर घेऊ नकोस, मोटरवाचून माझं काही अडत नाही. तिने फक्त विचारलं, "त्या वर्गातलं अजून कोणी आहे का, बाबा?" मी म्हटलं, आहे एक, पण त्याला उगाच कशाला. मग माझ्या टेबलावर तुझ्या पत्त्याचं जुनं पाकीट जरा सरकलेलं दिसलं, पण मुली आवराआवर करतातच.

असो. तुझा वेळ घेतला. या पत्रात मागणं काही नाही, फक्त खुशाली कळावी म्हणून लिहिलं. वहिनींना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझा,
खिडकीकडचा

ता. क. मागणं आहे. ती अर्धी ओळ रविवारच्या आत कळव. शेवटच्या ओळीपर्यंत तू नेहमी सगळ्यांच्या आधी आणि एकटाच पोचायचास, तेव्हा ती तुला तरी स्वच्छ ऐकू आलेली असणार. पत्राला उशीर होत असेल तर फोन कर. फोन चिरंजीवांनी घेतला तर कवितेचं बोलू नकोस, गुडघ्याचं बोल.

आणखी एक. वर लिहिलं की मोटरवाचून अडत नाही, ते खरं नाही. आणि ओळ फक्त मोटरसाठी हवी आहे, तेही खरं नाही. 'लक्षात राहत नाही' हे मी भिंतीआडून ऐकल्यापासून त्या भोकापाशी उभं राहायची मला भीती वाटते. म्हणून, तुलाही ती ओळ आठवत नसेल तर लाजू नकोस, तसंच कळव. मला ओळीइतकंच ते चालेल. मग ते एकट्याचं विसरणं उरणार नाही, वर्गाचं होईल.

आणखी एक, घाईत. बेल वाजते आहे, थांबत नाही. टेलर असणार, म्हणून खिडकीतून वाकून पाहिलं. टेलर आपल्या दारात कोरडा उभा आहे आणि बोट वर करून कुणाला तरी आमची टाकी दाखवतो आहे. हे पत्र लिहिताना मी एकही गोगलगाय म्हटली नाही, हे मला आत्ता कळतंय. पाइपाखाली एक टकला म्हातारा आहे, एका हातात पिशवी, दुसरा आमच्या खालच्या बेलवर, यमकाचा मी टाकून दिलेला शब्द डोक्यापासून पायापर्यंत अंगावर घेऊन उभा. काखेत छत्री आहे, ती उघडायचं सुचलेलं नाही. सूनबाईने तुला काय सांगून बोलावलं, देव जाणे. तू वर बघतो आहेस आणि तुझे ओठ हलताहेत. ओळ म्हणतो आहेस की मला शिव्या देतो आहेस, ते पाण्याच्या आवाजात कळत नाही. मोटरचं बटण मागच्या व्हरांड्यात आहे आणि दार पुढे, दोन्हीकडे एकदम जाता येत नाही. रविवारी प्लंबर येऊ दे. आधी दार उघडतो.